लॉगबुकातला एक रकाना

भूलशास्त्राच्या प्रशिक्षणात काही महिन्यांसाठी मी युरोपातल्याच दुसऱ्या देशात गेले. तिथली एक निवासी डॉक्टर माझ्याच वर्षाची होती. ती तान्ह्या बाळांना भूल द्यायची आणि सीनियर शेजारच्या खोलीत असायचे. मी तोवर ते फक्त पाहिलं होतं. दोघींच्या दाखल्यावर मात्र एकच ओळ: 'बालरुग्णांचा अनुभव.'

नव्यांचा गोंधळ होतो तो इथेच. युरोपीय संघाचा 2005/36 हा निर्देश पदव्यांना परस्पर मान्यता देतो, पण त्यासाठी तो प्रामुख्याने वर्षं पाहतो: भूलशास्त्राला किमान 3, बालरोगाला 4, जनरल सर्जरीला 5. तज्ज्ञाला काय यायला हवं, हे 'यूईएमएस' या 1958 पासूनच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या युरोपीय संघटनेच्या 'ईटीआर' (प्रशिक्षणाच्या युरोपीय अपेक्षा) दस्तऐवजांत मिळतं. ते मन लावून वाचा. पण ती शिफारस आहे, कायदा नाही. अभ्यासक्रम शेवटी प्रत्येक देशच ठरवतो. 'ईडीएआयसी' या भूलशास्त्र आणि अतिदक्षतेच्या युरोपीय परीक्षेचंही तसंच. ती पास होणं मानाचं आहे, मी त्यासाठी जीव तोडून अभ्यास केला, पण तेवढ्यावर काम करण्याचा परवाना मिळत नाही.

पुढे आमचा अभ्यासक्रम ईटीआरशी ताडून पाहणाऱ्या गटात मी प्रशिक्षणार्थींच्या वतीने बसले. एक अख्खी बैठक 'स्वतंत्रपणे' या शब्दावर गेली. कुणाच्या मते सीनियर इमारतीत हवेत, कुणाच्या मते फोनवर पुरे. तेव्हा मला तो शब्दांचा कीस वाटला होता. आज वाटतं, त्या दिवशीचं खरं काम तेच होतं. नेदरलँड्सचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन काटे यांनी 2005 मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते: हे काम या व्यक्तीवर किती देखरेखीत सोपवता येईल? नुसतं पाहण्यापासून ते दुसऱ्यावर देखरेख करण्यापर्यंत, अशा पाच पायऱ्या. देश बदलला तरी हा प्रश्न सगळ्यांना कळतो.

म्हणून लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, पहिल्या दिवसापासून देखरेखीचा रकाना ठेवा. 'श्वासनलिकेत नळी टाकली, 60 वेळा' यातून परक्या विभागप्रमुखाला काहीच कळत नाही. सीनियर कुठे होते ते लिहा. आणि सही त्याच दिवशी घ्या. माझ्या एका पोस्टिंगच्या नोंदी सहीविना राहिल्या, कारण मी मागायला गेले तोवर ते सीनियर नोकरी सोडून गेले होते. पुढे त्या केसेस कुणीच धरल्या नाहीत.