मसल वाढवायला प्रोटीन किती, कार्ब्स किती? हिशेब असा मांडा

जिमला लागलं की पहिला प्रश्न प्रोटीनचा असतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम. ७५ किलोच्या माणसाला १२० ते १६५ ग्रॅम. १.६ च्या बरंच खाली राहिलं तर घाम गाळून मिळायला हवा तेवढा फायदा हाती लागत नाही. २.२ च्या वर गेलं तर जादाचं प्रोटीन बहुतेक इंधन म्हणून जळतं, त्याचं मसल होत नाही. वजन काटा हलेना म्हणून लोक व्हेचा (दुधापासून बनवलेल्या प्रोटीन पावडरचा) दुसरा डबा आणतात, पण घोडं अडलेलं असतं कार्ब्सपाशी (भात, पोळी, बटाट्यातली कर्बोदकं) आणि एकूण कॅलरीपाशी.

म्हणून हिशेब प्रोटीनपासून नको, कॅलरीपासून सुरू करा. वजन आहे तेवढंच राहायला किती कॅलरी लागतात ते आधी काढा. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी वजन गुणिले ३० ते ३५ हा अंदाज चालतो. ७५ किलोला ३३ ने गुणलं तर साधारण २४७५, म्हणजे धरा २५००. त्यावर १० टक्के वाढवा: २७५०. पहिल्या वर्षात असाल तर २० टक्क्यांपर्यंत जाता येतं. चार-पाच वर्षं व्यायाम झालेल्यांनी १० च्या वर जाऊ नये, कारण त्यांचं मसल हळू वाढतं आणि उरलेलं सगळं पोटावर बसतं.

आता वाटणी. एक ग्रॅम प्रोटीनमध्ये ४ कॅलरी, कार्ब्समध्ये ४, फॅटमध्ये ९. प्रोटीन किलोमागे १.८ ग्रॅम धरलं तर १३५ ग्रॅम, म्हणजे ५४० कॅलरी. फॅट किलोमागे १ ग्रॅम धरलं तर ७५ ग्रॅम, ६७५ कॅलरी. दोन्ही मिळून १२१५. २७५० मधून ते वजा केले की १५३५ उरतात. त्यांना ४ ने भागा: ३८४ ग्रॅम कार्ब्स, किलोमागे ५ ग्रॅमच्या जरा वर. मसल वाढवण्याच्या काळात बहुतेकांचा आकडा किलोमागे ३ ते ५ च्या आसपास येतो, जास्त सेट मारणाऱ्यांचा त्याहून वर. कार्ब्ससाठी वेगळा जादूचा आकडा शोधत बसू नका. प्रोटीन आणि फॅट ठरल्यावर जे उरतं ते कार्ब्सचं.

अंगावर चरबी बरीच असेल तर मात्र चालू वजनावर प्रोटीन काढू नका. ११० किलोचा माणूस ८५ किलोवर यायचं म्हणत असेल तर ८५ ने गुणावं. नाहीतर रोज ४५ ग्रॅम प्रोटीन उगाच पोटात जाईल.

कार्ब्स एवढे का लागतात? आठ ते बारा रेप्सचा (म्हणजे सलग तेवढ्या वेळा वजन उचलण्याचा) जड सेट मुख्यतः ग्लायकोजेनवर चालतो, म्हणजे मसलमध्ये साठवलेल्या कार्ब्सवर. हा साठा सगळ्या शरीरात मिळून ३०० ते ५०० ग्रॅमच्या घरात असतो. तो अर्धवट भरलेला असला की पहिले दोन सेट ठीक जातात, चौथ्यात दोन-तीन रेप्स कमी पडतात. असे रेप्स आठवडाभर कमी पडत गेले की मसलला वाढायचं कारणच उरत नाही, मग प्रोटीन कितीही ओता.

याच ग्लायकोजेनमुळे एक घोटाळाही होतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यामुळे कार्ब्स वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात वजन एक-दीड किलोनं उडी मारतं. ती चरबी नाही. घाबरून तिथेच जेवण कापणारे लोक पुन्हा मूळपदावर येतात.

वजन कच्चं की शिजलेलं?

सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात, तेव्हा जरा सावकाश बघू. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कार्ब्स असतात. तोच तांदूळ शिजून २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. पाणी आत गेलं, कार्ब्स तेवढेच राहिले. आता ताटात २०० ग्रॅम भात घेतला आणि जेवण मोजायच्या अ‍ॅपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद निवडली, तर कागदावर १५६ ग्रॅम कार्ब्स दिसतात आणि पोटात जातात ५६. एका जेवणात ४०० कॅलरींचा फरक! 'मी एवढं खातो तरी वजन वाढत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा हेच असतं.

चिकनचं उलटं. ते शिजताना पाणी सोडतं, १५० ग्रॅम कच्चं चिकन ११० ग्रॅमच्या आसपास उरतं, प्रोटीन मात्र जवळजवळ तेच, ३४ ग्रॅम. एकदाच ठरवा: सगळं कच्चं मोजायचं की सगळं शिजलेलं, आणि नोंदही तीच निवडा. व्हेचंही तसंच: ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ३० ग्रॅम प्रोटीन नसतं. ८० टक्क्यांची पावडर असेल तर २४.

डाळीकडेही लक्ष हवं. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण सोबत ६० ग्रॅम कार्ब्सही येतात. ती दोन्ही खात्यांत लिहावी लागते. फक्त शाकाहारावर असाल तर प्रोटीन किलोमागे २ ग्रॅमच्या जवळ ठेवा, सोयाबीन आणि दूध हाताशी ठेवा, आणि डाळ-धान्य मिळून खा. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांपैकी डाळीत मेथिओनीन कमी, धान्यात लायसीन कमी, एकत्र आले की उणीव भरून निघते.

दिवसभरात वाटायचं कसं

१३५ ग्रॅम प्रोटीन चार वेळांत, दर वेळी ३० ते ३५ ग्रॅम, मध्ये तीन ते पाच तास. तीन अंडी (१८ ग्रॅम), २५० मिली दूध (८) आणि ६० ग्रॅम ओट्स (८) एवढ्यात सकाळचा वाटा पूर्ण होतो, कार्ब्सही ५० च्या आसपास येतात. रात्री एकदम ९० ग्रॅम खाल्लं तर वाया जात नाही, पण चार वेळा वाटलेलं जास्त कामी येतं.

व्यायामाच्या एक-दोन तास आधी किलोमागे १ ग्रॅमपर्यंत कार्ब्स घ्या, तेल-तूप आणि फायबर कमी असलेले. जड जेवण पोटात घेऊन स्क्वाट मारले की काय होतं ते सांगायला नको. व्यायाम संपताच अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, ही धावपळ बिनकामाची आहे. पुढच्या दोन-तीन तासांत जेवलात तरी पुरे. त्याच दिवशी दुसरं सेशन असेल तेव्हाच कार्ब्सची घाई करा.

पोट फुगत असेल तर फायबर तपासा. ३८४ ग्रॅम कार्ब्स नुसत्या ओट्स आणि अख्ख्या धान्यातून घेतले तर फायबर ५० ग्रॅमच्या वर जातं. त्यातला अर्धा भाग पांढरा भात, बटाटा, केळी यांवर आणा. व्हे प्यायल्यावरच गॅस होत असेल तर लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसावं, आयसोलेट, म्हणजे लॅक्टोज बहुतेक काढलेलं व्हे, वापरून पाहा.

किडनीचा आजार असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर यातला कुठलाही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

दोन आठवडे झाले की दुरुस्ती करायची. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. ती आठवड्याला ०.२५ ते ०.५ टक्क्यानं वाढावी, ७५ किलोला साधारण १९० ते ३७५ ग्रॅम. वाढत नसेल तर ३० ते ४० ग्रॅम कार्ब्स जास्त घ्या, प्रोटीनला हात लावू नका. वजनासोबत बेंबीपाशी कंबरही मोजत जा. कंबर भराभर वाढतेय आणि उचलायचं वजन मात्र महिनाभर तिथेच आहे, असं दिसलं तर तेवढेच कार्ब्स कमी करा.