गारपिटीनंतरची झोप
द्राक्षबागेत गारांनी फुटलेले घड पाहून आल्यावर रात्री डोळा न लागणे स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि कामातला रस परतत नसेल, तर तो मनाचा दुबळेपणा न मानता डॉक्टरांना दाखवावे. अपरात्री विचारांचे काहूर माजल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतही बोलता येते. सकाळी कुणाला तरी सोबत घेऊन गोदाकाठी चालावे, कारण समोरासमोर बसून न सुचणारे शब्द शेजारी चालताना सहज निघतात, असा माझा अनुभव आहे. घरातले कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ म्हणाले, तर ते झटकून न टाकता त्यांना एकटे ठेवू नये आणि फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलपात ठेवावीत.