लहान खोलीत पडदा आणि सराउंड स्पीकर कसे बसवावेत

नाशिकमध्ये सिडकोतील किंवा इंदिरानगरातील फ्लॅटमध्ये दहा बाय बारा फुटांची खोली हाताशी असेल, तर १०० इंची पडद्याचा मोह आवरलेलाच बरा. पडद्यापासून नऊ फुटांवर बसायचे असल्यास ८० इंच कर्ण पुरेसा होतो; १६:९ प्रमाणात त्याची रुंदी सुमारे ७० इंच भरते. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे लेन्सचे पडद्यापासूनचे अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.२ असेल, तर रुंदीला त्याने गुणून लेन्स ८४ इंचांवर, म्हणजे सात फुटांवर ठेवावी लागते. हा हिशेब छताला भोक पाडण्याआधीच करावा, कारण पंख्याची पाती बहुधा नेमकी त्याच वाटेत येतात.

समोरचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेपासून पडद्याच्या मध्यापर्यंतच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला असावेत. मधला स्पीकर पडद्याखाली, किंचित वर कलता ठेवावा. सराउंडची, म्हणजे बाजूच्या स्पीकरची जोडी ९० ते ११० अंशांवर, कानांपेक्षा थोडी उंच लावावी.

सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यात ढकलण्याची घाई करू नये. तो तात्पुरता सोफ्यावर ठेवून खर्जाचे ओळखीचे संगीत, शक्यतो पखवाज, लावावे आणि भिंतीलगत ओणवे होऊन फिरावे. जिथे प्रत्येक थाप न घुमता सारखी ऐकू येते, ती त्याची जागा. घरचे हसतील, पण उपाय खात्रीचा आहे. सोफा मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावावा.