कन्सील वायरिंगसाठी झिरी मारताय? मशीन निवडताना या चुका टाळा

घरात फिटिंग बदलायचं काम निघालं, वायरचा पाईप भिंतीत लपवायला झिरी म्हणजे लांब खाच पाडायची वेळ आली, की पहिला प्रश्न ठरलेला, "झिरी मारायला कुठलं मशीन घेऊ?" अहो, आधी भिंत कसली आहे ते तर सांगा. विटेची चार इंची, नऊ इंची, एएसी म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची, गावाकडच्या घराची जांभ्या चिऱ्याची, की मिवानची? मिवान असेल तर विषय तिथेच संपला, ती सगळी भिंतच आरसीसी असते, कापायची नाही, वरून केसिंग पट्टी मारा आणि गप्प बसा. कॉलम-बीमलाही तेच. "थोडंसंच कापलं तर?" असं विचारणारे असतातच, त्यांना माझं उत्तर एकच, नाही.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे ब्रेकर, भिंत फोडायचं ठोक्याचं मशीन. डोंबिवलीत एका जुन्या बिल्डिंगमध्ये काम होतं, मी पोचेपर्यंत मालकांच्या भाच्याने भाड्याने पाच किलोचा ब्रेकर आणून हॉलच्या भिंतीत झिरी सुरूपण केलेली, तीही आडवी, कटरने रेघा वगैरे काही न मारता डायरेक्ट. भिंत चार इंची आणि पलीकडे बाथरूम. हॉलच्या बाजूने सगळं झकास दिसत होतं, पलीकडे जाऊन बघतो तर टाइल्सची अख्खी एक लाइन फुगून बाहेर आलेली आणि दोन टाइल्स खाली पडून फ्लश टँकचं झाकण फुटलेलं. वर भाचा म्हणतो, "काका, पण किती फास्ट होतंय बघा ना!" त्या डिझाइनची टाइल आता कुठे मिळणार, शेवटी ती पूर्ण बाजू काढून नवीन लावावी लागली, वायरिंगचा खर्च राहिला बाजूला.

चार इंची भिंतीत ब्रेकर न्यायचाच नाही. मी आधी दोरीने मार्किंग करतो, कटरने दोन समांतर रेघा मारतो आणि मधला माल छिन्नी तिरकी धरून हातोडीने काढतो. हात दुखत असेल तर दोन किलोवाला रोटरी हॅमर, फिरणं बंद ठेवून, नुसता छिन्नीवर. आणि उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको, आडवी तर एक षष्ठांशच, म्हणजे चार इंचीत आडवी जेमतेम १६-१७ मिमी, त्यात २० मिमीचा पाईपसुद्धा बसत नाही. म्हणून पाईप वरून फिरवून बोर्डाच्या जागी सरळ खाली उतरवायचा. पाईप दोन मीटर जास्त लागला तर लागू दे.

दुसरी चूक डिस्कची. चार इंची ग्राइंडर घरात असतो, पण गार्ड म्हणजे डिस्कवरचं कव्हर लावून त्याची खोली पुरत नाही, पाईप आणि त्यावरचा प्लॅस्टर धरून तीसेक मिमी तरी लागतं. मग महाभाग काय करतात, गार्ड काढतात आणि मोठी डिस्क चढवतात. सात इंची डिस्क साधारण ८,५०० आरपीएमसाठी बनवलेली असते आणि चार इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरतं, फुटली की तुकडा कुठे जाईल ते तुम्हीच बघा. दुसरा प्रकार, मार्बल कटरची २० मिमी भोकाची डिस्क १६ मिमीच्या ग्राइंडरवर रिंग न लावता घट्ट पिळून बसवायची. ती मधोमध बसतच नाही, मशीन थरथरतं, झिरी वाकडी जाते, आणि मग म्हणतात मशीन चायनाचं आहे. डिस्कवर आरपीएम छापलेला असतो, भोकाचं मापही असतं, वाचायला किती वेळ लागतो? मी पाच इंची ग्राइंडर, गार्ड आणि सेगमेंटवाली डायमंड डिस्क वापरतो. ती बोथट झालीशी वाटली तर फेकू नका, कडक काँक्रीटवर घासून हिरे झाकले गेलेले असतात, मऊ रेताड दगडात दोनचार काप मारले की परत चालते. दाबून दाबून कापलंत तर मोटर जळेल, एवढंच.

लोखंड कापायची डिस्क भिंतीला नको. लाकडाचं दातांचं ब्लेड तर ग्राइंडरला कशालाच नको.

एएसी ब्लॉकला मशीनच लागत नाही, हाताने ओढायचा ग्रूव्हर मिळतो, तासाभरात खोलीची झिरी होते. चिऱ्याला मात्र आधी रेघ मारा, नाहीतर छिन्नीने मोठा ढलपाच निघतो.

वॉल चेझर, म्हणजे एकदम दोन समांतर रेघा मारणारं मशीन, चांगला, पण एका फ्लॅटसाठी विकत घेऊ नका, भाड्याने आणा आणि व्हॅक्यूम जोडूनच चालवा. धूळ बसावी म्हणून साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणारे पण पाहिलेत, शॉक बसेल, एन९५ मास्क लावा त्यापेक्षा. जुन्या बोर्डाच्या सरळ वर-खाली वायर असणार हे धरून चाला, त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि ग्राइंडरला सप्लाय दुसऱ्या खोलीतून आरसीसीबीवरून, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचवरून, घ्या. आणि हो, झिरी मारताना एसी बंद ठेवा. हसू नका, चालू ठेवतात लोक, गरम होतं म्हणून, मग सर्व्हिसिंगवाला फिल्टर झटकतो तेव्हा अर्धी भिंत त्यातून निघते.