ज्यूद्वेषी मजकुराविरुद्ध बडोद्यात तक्रार कशी करावी

गुजरात सरकारनं 2018 मध्ये ज्यू समाजाला धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. संख्येनं इतक्या लहान समाजाची बाजू शेजाऱ्यांनीच लावून धरायला हवी. दांडिया बाजारच्या एखाद्या मराठी ग्रुपवर ज्यूंविरुद्ध भडकवणारा मजकूर आला, तर तक्रार तुम्हीही देऊ शकता. तुम्ही ज्यू असायची गरज नाही.

असले खटले बहुतेकदा पुराव्यापाशी ढासळतात, म्हणून आधी मेसेज जपा. ग्रुपमध्ये मेसेज आपोआप पुसले जात असतील तर लगेच चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करा. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसू द्या, कापाकापी नको. व्हिडिओ दुसऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून तीच प्रत पुरावा म्हणून देऊ नका: पाठवताना फाइल दाबली जाते आणि तिचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा ओळख-आकडा) बदलतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हेच मूल्य लिहावं लागतं. त्याचा भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तक्रारीत 'आक्षेपार्ह मजकूर' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. नेमकी वाक्यं जशीच्या तशी उतरवा. मजकूर मराठी असेल तर मूळ मराठी ठेवून खाली गुजराती भाषांतर द्या, कारण ठाण्यात एफआयआर गुजरातीत लिहिला जाईल. तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रत मोफत मिळते.

मुख्य कलम भारतीय न्याय संहितेचं 196, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यात कोणत्या गटाला कोणाविरुद्ध चिथावलं हे दिसावं लागतं. इस्रायल सरकारवरची टीका, कितीही कडवट असो, यात बसत नाही आणि ती यात ओढूही नये. धार्मिक भावना मुद्दाम, दुष्ट हेतूनं दुखावल्या असतील तर 299. आयटी कायद्याचं 66अ अजूनही कुणी सुचवतं. सुप्रीम कोर्टानं ते 2015 मध्येच रद्द केलंय.

पोलीस आधी 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. काँग्रेस खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं, अशा बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ती करणं योग्यच, असं म्हटलं आणि त्यांच्यावरचा गुजरातमधला एफआयआर रद्द केला. त्यामुळे चौकशीत टिकेल अशीच तक्रार द्या. ठाण्यानं ती घेतलीच नाही तर टपालानं पोलीस आयुक्तांकडे पाठवा, पावती जपा. तिथंही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पावती नसेल तर हा अर्ज पहिल्याच तारखेला अडतो.

196 आणि 299 खाली कोर्टाला दखल घ्यायला, म्हणजे खटला पुढे चालवायला, सरकारची मंजुरी लागते. एफआयआर आणि तपासाला नाही. दखलीची मुदत तीन वर्षं आहे. मंजुरी मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो, म्हणून मंजुरीचा प्रस्ताव कधी गेला याची तारीख तपास अधिकाऱ्याकडून लेखी मागून ठेवा.