इमॅटिनिब (ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची गोळी) चालू असताना ‘नैसर्गिक’ कॅप्सूल? या चुका टाळा

“हळद तर घरचीच, तिनं काय बिघडणार?” आमटीतली हळद खुशाल खा, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या कॅप्सूलबद्दल. शोषण वाढावं म्हणून तिच्यात बहुधा मिरीतलं पायपरीन घातलेलं असतं.

पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप कर्क्युमिननं मंदावतात, हे प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर दिसलंय. तेवढ्यावर ‘औषधाला न जुमानणारा ल्युकेमिया हळदीनं वठणीवर’ असले फॉरवर्ड फिरतात. बशीत ओततात तेवढं कर्क्युमिन रक्तात पोचतच नाही. पायपरीन मात्र यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला आवर घालू शकतं, आणि इमॅटिनिब मोडतं ते मुख्यतः याच एन्झाइमनं.

मग गाडी अशी घसरते. रक्तातलं इमॅटिनिब वाढतं, डोळ्यांखाली सूज येते, मळमळतं. दोष जातो ‘केमो’च्या माथी. ४०० मिलिग्रॅमची रोजची गोळी कुणाला न सांगता दिवसाआड होते. कॅप्सूल नैसर्गिक, ती चालूच! तीन महिन्यांनी रक्ततपासणीत बीसीआर-एबीएल (या ल्युकेमियाची खूण असलेलं जनुक) चढलेलं निघतं आणि घरात जाहीर होतं, “औषध लागू पडेना.” अहो, औषध पोटात गेलंय कुठे?

सेंट जॉन्स वॉर्टचं उलटं. मन प्रसन्न राहावं म्हणून ऑनलाइन मागवलेली ही वनस्पती तेच एन्झाइम वाढवते आणि रक्तातलं इमॅटिनिब सुमारे ३० टक्क्यांनी उतरवते. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी बाटली लपवून उपयोग नाही.

रिपोर्ट चढला की आधी घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णं, काढे एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर उपडे करा. कधी सुरू केलं ती तारीख प्रत्येकावर पेननं लिहा. चुकलेल्या गोळ्याही खऱ्या मोजा. त्यानंतर म्युटेशनची, म्हणजे त्या जनुकातल्या बदलाची तपासणी. टी३१५आय हा बदल निघाला तर तो खरा प्रतिकार: इमॅटिनिब आणि त्याच जातीची डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशी तिन्ही औषधं निकामी. तिथं पोनॅटिनिबसारखं औषध लागतं, काढा नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात. टेकडीवरून उतरताना घेतलेला गव्हांकुराचा कच्चा रस पांढऱ्या पेशी कमी असताना नको, जंतूंची भीती असते. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध चालू असेल तर तिच्या वाटेला जाऊच नका. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच येतं, कबूल. पण त्याचा एकावेळचा डोस मोठ्यांतही सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, आणि कुंडीतल्या पानात किती आहे ते कोण मोजणार?

उपवासालाही इमॅटिनिब चुकवू नका. साबुदाण्याच्या खिचडीनंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. निलोटिनिबच्या कॅप्सूलला मात्र आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामंच लागतं.