रंकाळ्याच्या काठावर नाइफने तैलरंगातलं निसर्गचित्र कसं करावं

नाइफ, म्हणजे रंग लावायची बोथट, लवचीक पात्याची सुरी, घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडणार असाल तर कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर जा, पन्हाळगडावर नको. पन्हाळ्यावर वारा इझल (चित्र ठेवायची घोडी) आडवं करतो आणि समोर एवढं पसरलेलं असतं की त्यातलं काय घ्यावं ते सुचत नाही. रंकाळ्यावर पाणी, त्यातला काळ्या दगडाचा जुना संध्यामठ, मागची झाडी, एवढ्यात चित्र होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परतलेले चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली वारेपर्यंत कोल्हापूरचाच परिसर रंगवत राहिले. विषयाला इथं तोटा नाही.

१०×१२ इंची कॅनव्हास बोर्ड पुरे. आदल्या दोन-तीन दिवसांत त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) हात फिरवून वाळवून ठेवा. नाइफच्या फटकाऱ्यांमध्ये फटी राहतातच. त्यातून पांढरा बोर्ड डोकावला की चित्र फुटकं दिसतं, तांबूस दिसला की ऊन दिसतं. दांडा मुडपलेल्या, पानाच्या आकाराच्या दोन नाइफ घ्या, एक लहान, एक मोठी. रंग: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमसन आणि मोठी ट्यूब टिटॅनियम व्हाइटची. जुन्या सुती साडीची फडकी भरपूर न्या.

सकाळी लवकर पोचा. बोर्ड सावलीत धरा. उन्हात धरलात तर पॅलेटवरचे रंग उजळ भासतात, तुम्ही ते गडद करत जाता आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. डोळे किलकिले करून मोठे आकार पाहा आणि पातळ रंगाने दहा मिनिटांत मांडून घ्या. दोन तासांत सावल्या सरकतात, म्हणून तेवढ्यातच काम उरका.

आता घाई नको. आधी प्रत्येक आकाराचा रंग सुपारीएवढा कालवून ठेवा, पण पूर्ण एकजीव करू नका. त्यातल्या रेषाच पुढे दगडाचा खडबडीतपणा देतात. संध्यामठासाठी ट्यूबमधला काळा वापरू नका, तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, उन्हाच्या बाजूला ऑकर आणि पांढरा. गडद भाग आधी, पातळ, नाइफ आडवी दाबून. उजेड शेवटी आणि जाड.

नाइफची सगळी शिस्त एका सवयीत आहे: पुसा, उचला, लावा, सोडा. दर फटकाऱ्याला नाइफ पुसायची आणि लावलेल्या रंगावर परत फिरायचं नाही. दुसऱ्यांदा फिरलात की चिखल होतो. चुकलं तर तेवढा भाग पूर्ण खरवडून काढा, वरून डागडुजी नको.

पाणी सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत आवडतं. प्रतिबिंब वरून खाली ओढा, मग नाइफच्या कडेने दोन-तीनच आडव्या रेघा. पाण्यात उजळ वस्तू थोडी गडद दिसते आणि गडद वस्तू थोडी फिकी, एवढं सांभाळलं की पाणी सपाट पडून राहतं.

नेताना चारही कोपऱ्यांत टाचण्या टोचून वर कोरा बोर्ड ठेवा आणि सुतळीने बांधा. जाड थर आतून वाळायला महिने लागतात. सहा महिने तरी वॉर्निश लावू नका. खरवडलेला रंग कागदात गुंडाळून घरी आणा, तळ्यात टाकू नका. तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. फडकी सुटी पसरून वाळवा.